मेक्सिकन लाल भात : तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी मेक्सिकोतल्या आर्रोस रोहोबद्दल, म्हणजे तिथल्या रोजच्या लाल भाताबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की तांदूळ धुवून तेलात परतायचा, टोमॅटोचा रस घालायचा आणि मंद आचेवर शिजवायचा. तेवढ्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी फोन करून विचारलं, नक्की काय लिहिलंस. बहुतेकींचं म्हणणं एकच, केला पण जमला नाही. खरंय, हा भात चार ओळींत सांगण्यासारखा नाहीच, तेव्हा या महिन्याचं अख्खं सदर त्याच्यासाठी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ३ वर्षं पुएब्ला शहरात होतो, आमच्या वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या, सगळे त्यांना आदराने दोन्या म्हणायचे, आणि हा भात मी त्यांच्या ओट्याशी उभी राहून शिकले. खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं त्यांचंच आहे.

प्रश्न : ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. महागातला बासमती घेतला, २ तास भिजवला, तेलात परतला, मग पाकिटातली टोमॅटो प्युरी आणि दुप्पट पाणी घातलं. भात मऊ झाला, तळाला लागला, रंग फिका गुलाबी आणि चवीला कच्चा टोमॅटो. हॉटेलात तर छान लाल आणि मोकळा मिळतो. माझं कुठे चुकलं? (पुणे)

तुमचं पत्र वाचून मला माझाच पहिला प्रयत्न आठवला, थेट हाच रंग आणि हीच चव. तीन ठिकाणी गडबड झालीय, आणि तिन्ही ठिकाणं सावकाश सांगते कारण भाताचं सगळं यश तिथेच आहे.

पहिलं म्हणजे भिजवणं. २ तास या भाताला फार होतात, दाणा फुगतो आणि परतताना तुटतो, आणि तुटलेल्या दाण्याचा पीठपणा सगळ्या भातात उतरतो. दोन्या तांदळावर चांगलं गरम पाणी ओतायच्या, उकळतं नाही पण हाताला चटका बसेल इतकं, १५ मिनिटं ठेवायच्या, मग गार पाण्याने पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायच्या, ५-६ वेळा तरी. आणि त्यानंतर जे करायच्या ते मी मागच्या वेळी लिहायचंच विसरले, ते म्हणजे तांदूळ गाळणीत अर्धा तास निथळत ठेवायचा, मधे एकदा गाळणी आपटायची, घाई असेल तर कोरड्या पंचावर पसरायचा. दाण्याला पाणी राहिलं तर तेलात तो परतला जात नाही, नुसता वाफवला जातो आणि तिथूनच भात चिकट व्हायला सुरुवात होते.

दुसरं म्हणजे परतणं. १ कप तांदळाला, म्हणजे साधारण २०० ग्रॅमला, पाव कप तेल घ्या. मला माहितेय जास्त वाटतं, मलाही वाटलं होतं, पण यातलं थोडं नंतर काढायचंच आहे. जाड बुडाची कढई किंवा पसरट पातेलं घ्या, तेल तापलं की तांदूळ घाला आणि मध्यम आचेवर सतत हलवत राहा, ८ ते १० मिनिटं. सुरुवातीला दाणे एकमेकांना चिकटून ओल्या रेतीसारखे ढेकळाढेकळाने फिरतात, आवाजही जड येतो, उलथनं ओढलं की फस्स होतं. ५ मिनिटांनी ढेकळं सुटतात, दाणा आधी पांढराशुभ्र होतो, खडूसारखा, आणि मग आवाज बदलतो, कोरडा खळखळाट येतो, कढईत बारीक खडी फिरवल्यासारखा. दोन्या या वेळी गॅसकडे पाठ करून कोथिंबीर निवडत असायच्या आणि आवाज ऐकूनच म्हणायच्या, आता बघ. वळून बघितलं की दाणा फिक्या गव्हाळ रंगावर आलेला असायचा. रवा भाजताना आपल्यालाही वासावरून कळतं ना, तसंच हे आवाजावरून कळतं, ४-५ वेळा केलं की कान बसतो. मग कढई एका बाजूला कलती करा, तांदूळ वर ओढून धरा, खाली साठलेलं जास्तीचं तेल चमच्याने काढून घ्या, ते दुसऱ्या दिवशी भाजीला वापरा.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, टोमॅटो. १ कप तांदळाला २ मोठे, लालबुंद पिकलेले टोमॅटो, साधारण २५० ग्रॅम, पाव कांदा, आपल्या देशी लसणाच्या ४-५ पाकळ्या. मिक्सरमध्ये पाणी न घालता एकदम बारीक करून गाळून घ्या, पाऊण कप रस निघायला हवा. हा रस मिक्सरमधून निघतो तेव्हा गुलाबी आणि फेसाळ असतो कारण त्यात हवा कोंडलेली असते, तुम्हाला भातात जो गुलाबी रंग दिसला तो हाच, म्हणजे रस शिजलाच नव्हता. तो परतलेल्या तांदळावर ओता, चर्र आवाज होईल, जरा लांब उभ्या राहा, आणि आता लगेच पाणी घालू नका. ४-५ मिनिटं हलक्या हाताने परतत राहा. फेस बसेल, गुलाबीचा केशरी आणि केशरीचा लाल होईल, रस दाण्यात मुरेल आणि उलथनं तळातून ओढलं की मागे कोरडी वाट राहील, कडेने तेल दिसेल. ही वाट दिसेपर्यंत थांबायचंच. कच्चा वास इथेच जातो, नंतर कितीही शिजवा, जात नाही.

मग दीड कप कडकडीत गरम रस्सा घाला. तिथे चिकनचं पाणी घालतात, शाकाहारी लोकांनी गाजराची टोकं, कांद्याची वरची पातळ सालं, कोथिंबिरीच्या काड्या, २ लसूण पाकळ्या आणि एक तमालपत्र २५ मिनिटं उकळून गाळून घ्यावं, फार छान पाणी निघतं. यातच बारीक चिरलेलं गाजर, मूठभर मटार, अख्खी हिरवी मिरची चीर न देता, आणि कोथिंबिरीच्या काड्यांची बांधलेली एक छोटी जुडी. मिरची तिखटासाठी नाही, वासासाठी. मीठ एक लहान चमचा, आणि पाणी चाखून बघा, नुसतं पिताना किंचित जास्त खारट लागलं पाहिजे, कारण तांदूळ मीठ ओढून घेतो. उकळी आली, वरचं पाणी आटून तांदळावर बारीक बारीक भोकं दिसायला लागली की गॅस अगदी बारीक, घट्ट झाकण, १५ मिनिटं. झाकण उघडायचं नाही आणि ढवळायचं तर मुळीच नाही, ढवळलं की दाणे मोडतात. गॅस बंद केल्यावर झाकणाखाली स्वच्छ फडकं घालून अजून १० मिनिटं ठेवा, वाफेचं पाणी फडकं पिऊन घेतं, मग काट्याने कडेकडेने मोकळा करा, कोथिंबीर आणि मिरची काढून टाका.

पाकिटातली प्युरी वापरायची असेल तर वापरा, मेक्सिकोतही घाईच्या दिवशी डब्यातली प्युरी आणि काल्दो दे पोयोची, म्हणजे चिकनच्या रस्स्याची, पावडर वापरणारी घरं भरपूर आहेत. फक्त ती घट्ट असते म्हणून ३ चमचे प्युरीत अर्धा कप पाणी, आणि कांदा-लसूण ताजं वाटून घाला. उन्हाळ्यात आपल्याकडे जे फिके कडक सालीचे टोमॅटो येतात त्यांच्याबरोबर एक चमचा प्युरी घातली तर रंग चांगला येतो, मी स्वतः मे महिन्यात असंच करते.

आणि बासमतीबद्दल पुढच्या प्रश्नात.

प्रश्न : आमच्याकडे घरचा इंद्रायणी आहे, त्याचा होईल का? नाहीतर कुठला आणू? (मावळ)

इंद्रायणीचा नको. इंद्रायणी, आंबेमोहोर हे मऊ, चिकट होणारे तांदूळ आहेत, तूपमेतकुटाबरोबर त्यांच्यासारखं काही नाही, पण परतून मोकळा करायच्या भाताला ते साथ देत नाहीत. आणि आंबेमोहोराचा वास टोमॅटोखाली दाबून टाकणं मला तरी जिवावर येतं. बासमतीचं उलट होतं, तो मोकळा होतो पण त्याचा स्वतःचा वास इतका पुढे येतो की खाताना पुलावच खातोय असं वाटतं.

मी सगळे करून बघितले आणि माझं मत कोलमवर स्थिरावलं, तोही जुना, वर्षभर ठेवलेला. दाणा लहान असतो पण सुटा राहतो, वास बेताचा आणि रस छान पितो. सोनामसुरीही चालेल. नवा तांदूळ असेल तर रस्सा पाव कपाने कमी करा, जुना फार कोरडा असेल तर २-३ चमचे वाढवा, पहिल्या खेपेला तुमच्या तांदळाचं माप कळतंच. उकडा तांदूळ घेऊ नका, तो परतला तरी हवा तसा फुलत नाही.

तिथे काय वापरतात असंही तुम्ही विचारलंय. बाजारात लांब दाण्याचा साधा पांढरा तांदूळ मिळतो, बराचसा बाहेरून आलेला असतो. पण स्वयंपाकातल्या जाणत्या बायका मोरेलोस राज्याच्या तांदळाचं नाव काढतात. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला आहे हे राज्य. तिथला दाणा मोठा, जाडसर, मधोमध पांढरा ठिपका असलेला, त्याला पांढरं पोट म्हणतात, आणि तो रस्सा भरपूर पितो तरी फुटत नाही. २०१२ साली या तांदळाला तिथलं मूळस्थानाचं संरक्षण मिळालं, आपल्याकडच्या जीआय टॅगसारखं. दोन्या महिन्यातून एकदा एक किलोचं पाकीट आणायच्या आणि ते फक्त पाहुणे असले की उघडायच्या.

प्रश्न : मला सांगा, हा आपला टोमॅटो भातच नाही का? नाव बदललं की झालं? (सोलापूर)

नाही हो काका, आणि का नाही ते करून बघितलं की पहिल्या घासाला कळतं. आपल्या टोमॅटो भातात फोडणी असते, मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद, लाल तिखट, वर गोडा नाहीतर गरम मसाला, आणि टोमॅटो त्या सगळ्यांपैकी एक असतो. लाल भातात यातलं एकही नाही. मसाला शून्य. चव येते ती भाजलेल्या तांदळाची, आटवलेल्या टोमॅटोची आणि चांगल्या रस्स्याची. म्हणूनच परतायचा कंटाळा केला तर त्यात लपायला जागा नाही, मसाल्याने सावरून घेता येत नाही. मला हा भात आवडतो तो याचसाठी.

आणि ताटातली जागाही वेगळी आहे. मेक्सिकोत या भाताला सोपा सेका म्हणतात, शब्दशः कोरडं सूप, म्हणजे पातळ सूप आधी येतं आणि त्याच्यानंतर, मुख्य पदार्थाच्या आधी, हे कोरडं सूप. दुपारी छोट्या खानावळीत, तिथे फोंदा म्हणतात, ठरलेलं जेवण मिळतं त्याला कोमिदा कोर्रिदा म्हणतात, त्यात पहिल्यांदा रस्सा नाहीतर शेवयांचं सूप, मग बशीत हा भात, मग भाजी-मटणाचा जो काही त्या दिवशीचा पदार्थ असेल तो, बरोबर एखादं सरबत, बऱ्याचदा लाल अंबाडीच्या फुलांचं, त्याला ते हामाइका म्हणतात. भात आणताना बाई विचारतात, वर अंडं हवं का केळं? म्हणजे एक तळलेलं अंडं नाहीतर तळलेल्या पिकल्या केळ्याचे काप. केळं ऐकून मी पहिल्यांदा नको म्हटलं होतं, दुसऱ्या आठवड्यापासून रोज केळंच. खारट-आंबट भात आणि गोड तळलेलं केळं, राजेळी केळी मिळाली तर घरी नक्की करून बघा. आता बऱ्याच घरांत भात मुख्य पदार्थाच्या शेजारीच वाढतात, आणि पुएब्लात लग्नाबारशाला मोले असला, म्हणजे सुक्या मिरच्या, तीळ, बदाम आणि थोड्या चॉकलेटचा तो गडद रस्सा, तर त्याच्याशेजारी हा भात असायलाच हवा.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला असतो, शुद्ध शाकाहारी. इथल्या मेक्सिकन हॉटेलात राइस आणि बीन्स आम्ही बिनधास्त खातो. परवा कुणीतरी म्हणालं की त्यात चिकन असतं. खरं का? आणि इथल्या भाताला जिऱ्याचा वास येतो, तुम्ही तर जिरं सांगितलंच नाही. (अमेरिका)

तुम्हाला वाईट वाटेल, पण खरं असण्याची शक्यता चांगलीच आहे. भातात चिकनचे तुकडे नसले तरी शिजवायचं पाणी बहुतेक ठिकाणी चिकनचा रस्सा किंवा चिकनची पावडर घातलेलं असतं, आणि घोटलेल्या बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते. विचारताना "व्हेजिटेरियन आहे का" असं विचारलं तर पुष्कळदा हो उत्तर मिळतं, कारण मांस दिसत नाही म्हणजे व्हेज असं वाढणाऱ्याला मनापासून वाटतं, फसवायचा हेतू नसतो. नेमकं विचारा. भाताबद्दल, येवा काल्दो दे पोयो? म्हणजे यात चिकनचा रस्सा आहे का. बीन्सबद्दल, येवान मान्तेका? म्हणजे चरबी आहे का. मान्तेका हा शब्द लक्षात ठेवा, मेक्सिकन स्वयंपाकघरात तो बहुधा डुकराच्या चरबीसाठीच वापरतात. घोटलेल्या बीन्सऐवजी अख्ख्या शिजवलेल्या काळ्या बीन्स मागितल्या तर शक्यता जरा बरी, पण त्याही विचारूनच. आणि दुकानातून रस्स्याचे क्यूब आणाल तेव्हा पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा, भारतात निदान शाकाहारी-मांसाहारीची खूण तरी असते.

जिऱ्याचं म्हणाल तर ती तुमच्या टेक्ससची सवय. सीमेच्या त्या बाजूला जिरं भरपूर घालतात, कधी लाल तिखटाची पावडरही, आणि अमेरिकेत याला कितीतरी जण स्पॅनिश राइस म्हणतात, जरी स्पेनमध्ये असा भात नसतो. पुएब्लात, मेक्सिको सिटीत घरच्या लाल भातात जिरं मी बघितलं नाही. पण टेक्ससमधल्या मेक्सिकन कुटुंबांच्या चार चार पिढ्या जिरं घालून वाढल्यात, तो त्यांचा खरा भात आहे, त्याला नकली म्हणायचं कारण नाही. आवडत असेल तर रस ओतायच्या आधी अर्धा चमचा जिरं कुटून घाला.

प्रश्न : कुकरमध्ये केला तर? आम्हा नोकरीवाल्यांना अर्धा तास उभं राहायला वेळ नसतो. (ठाणे)

परतणं आणि रस आटवणं कुकरच्याच भांड्यात करा, झाकण न लावता, त्यात काटछाट नको. नंतर रस्सा दीडऐवजी सव्वा कप, झाकण लावून मध्यम आचेवर एकच शिट्टी, गॅस बंद, आणि वाफ आपली आपण जाऊ द्या. होतो बऱ्यापैकी मोकळा. खरा वेळ वाचवायचा तर रविवारी टोमॅटो-कांदा-लसणाचा गाळलेला रस दोन-तीन वेळचा करून फ्रीजरमध्ये ठेवा, आणि तांदूळ सकाळीच धुवून निथळून फ्रीजमध्ये ठेवून जा, संध्याकाळी सगळं २५ मिनिटांत होतं.

प्रश्न : माझी आजी सणाला आर्रोज करायची, तांदूळ कांद्यावर परतून, टोमॅटो घालून रस्स्यात शिजवलेला. तुमचं वाचून तोच आठवला. काही नातं असेल का? (मडगाव, गोवा)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नातं आहे, आणि ते आधी नावातच आहे, स्पॅनिश आर्रोस आणि पोर्तुगीज आर्रोज एकच शब्द. तांदूळ आधी चरबीत परतायचा आणि मग मुरलेल्या रस्स्यात शिजवायचा ही रीत स्पेन-पोर्तुगालच्या स्वयंपाकाची, तिथे ती अरबांकडून आलेल्या भाताबरोबर रुजली. एका बाजूने ती पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली, आर्रोज रेफोगाद म्हणून, दुसऱ्या बाजूने स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत गेली. मेक्सिकोत आधी तांदूळ नव्हताच, १६व्या शतकात तो तिकडे पोचला. आणि आपल्याकडे टोमॅटो-मिरची नव्हती, ती तिकडून आली. टोमॅटो आणि चिली हे दोन्ही शब्दच मुळात मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतले. पुएब्लाच्या बाजारात लाल टोमॅटोला आजही हितोमाते म्हणतात, नुसतं तोमाते म्हटलं तर बाई सालीच्या पापुद्र्यात गुंडाळलेलं ते छोटं हिरवं फळ तोलून देते, माझी पहिल्या आठवड्यात तशीच फजिती झाली होती आणि भात हिरवट आंबट झाला होता.

दोन टोकांना जोडणारी बोटही होती. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं फिलिपीन्समधलं मनिला आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचं अकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं ये-जा करायची, त्यातून मसाले, रेशीम, चिनी मातीची भांडी गेली आणि माणसंही गेली, पुष्कळशी स्वतःच्या मर्जीने नाही. पुएब्लात एका चर्चमध्ये कातारिना दे सान हुआन नावाच्या बाईची आठवण जपलीय, ती मुळची हिंदुस्थानातली, लहानपणी पळवून गुलाम म्हणून विकली गेलेली, मनिलामार्गे अकापुल्कोला आणि तिथून पुएब्लाला पोचलेली, १६८८ मध्ये तिथेच वारली. दोन्यांनीच मला ते दाखवलं, म्हणाल्या तुझ्या गावाकडची आहे बघ. मी तिथे बराच वेळ उभी होते.

तुमच्या आजींच्या आर्रोजमध्ये लवंग-दालचिनी असेल, बहुतेक चोरीसचे तुकडेही, ते लाल भातात नाहीत. पण परतण्याचा हात तुम्हाला आधीच येतो, तुमचा पहिल्याच दिवशी जमेल.

प्रश्न : आम्ही कांदा, लसूण, गाजर खात नाही. आमच्यासाठी काही? (सांगली)

करता येईल. टोमॅटो मिक्सरला लावायच्या आधी तव्यावर अख्खे भाजा, साल काळी पडून फुटेपर्यंत, तिथे कोमालवर असेच भाजतात, कोमाल म्हणजे त्यांचा मातीचा किंवा लोखंडी तवा. बरोबर एक लाल ढोबळी मिरची गॅसवर भाजून साल काढून घाला. भाजल्याचा धुरकट गोडवा आला की कांदा-लसणाची उणीव बरीच भरून निघते. भाजी म्हणून मटार, मक्याचे दाणे, फरसबी. रस्स्याऐवजी मटाराच्या टरफलांचं उकळलेलं पाणी घ्या.

प्रश्न : मुलांच्या डब्यात देते, पण हॉटेलसारखा राजमा, ढोबळी, मका, ओरेगॅनो, केचप घालून. तो मेक्सिकन नाही का? आणि रात्रीचा उरलेला सकाळी दिला तर चालेल? (नाशिक)

मुलं आवडीने खातात ना, मग जरूर करा. फक्त तो मेक्सिकोच्या घरातला नाही, आपल्या हॉटेलांनी बसवलेला आहे. तिथे बीन्स वेगळ्या भांड्यात शिजतात, भाताशेजारी येतात, भातात नाही, केचप तर नाहीच. एकदा मुलांना साधा लाल भात आणि शेजारी पातळसर शिजवलेला काळा राजमा असा देऊन बघा, वर लिंबू.

उरलेल्या भाताबद्दल मात्र जरा कडक बोलणार आहे. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, कुठलाच. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही, उलट्या होतात. जेवण झालं की तासाभरात पसरट डब्यात गार करून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी दोन चमचे पाणी शिंपडून चांगला वाफ येईपर्यंत गरम करा. लहान मुलाच्या डब्याला मी तरी सकाळी ताजाच करून देईन. फ्रीजमधला घरी खा, कढईत परतून वर तळलेलं अंडं फोडायचं, पिवळा बलक भातात उतरला की बास.

प्रश्न : सगळं नीट करूनही शेवटी वरचे दाणे कच्चे राहिले तर? पाणी ओतून पुन्हा शिजवू का? (अमरावती)

ओतू नका, खालचा भात गाळ होईल. ३ चमचे कडकडीत गरम रस्सा किंवा पाणी फक्त वरून, जिथे कच्चं आहे तिथे शिंपडा, फडकं ओलं करून घट्ट पिळून भातावर अंथरा, झाकण, आणि तव्यावर पातेलं ठेवून एकदम बारीक गॅसवर ७-८ मिनिटं. नंतर गॅस बंद करून आणखी १० मिनिटं तसाच राहू द्या. पुढच्या वेळी झाकण घट्ट बसतंय का ते आधी बघा, नसेल बसत तर कडेने कणकेची वळी लावा, बिर्याणीला लावतो तशी.

तिथे एक म्हण आहे, भातात एखादा काळा दाणा निघतोच, आपण भातातला खडा म्हणतो तसं. वरचे चार दाणे कच्चे राहिले म्हणून अख्खा भात टाकू नका, अमरावतीच्या ताईंनी तो टाकला असं लिहिलंय.

पुढच्या महिन्यात हिरवा भात घेऊ, तिथे पोब्लानो मिरची भाजून करतात, आपल्याकडे भजीची मोठी कमी तिखट मिरची चालते. त्याबद्दल काही विचारायचं असेल तर १५ तारखेच्या आत लिहा, आणि तांदूळ कुठला वापरता ते नक्की कळवा, म्हणजे माप सांगायला सोपं जातं.